एनबीएमध्ये जिंकणारा संघ कसा बांधतात: ड्राफ्ट, ट्रेड आणि पगाराचा हिशेब

२२ जून २०२५ रोजी ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सला सातव्या सामन्यात १०३-९१ असं हरवलं आणि एनबीएचं विजेतेपद पटकावलं. सीझनमध्ये त्यांनी ८२ पैकी ६८ सामने जिंकले होते. त्याच संघाने तीन वर्षांपूर्वी, २०२१-२२ मध्ये, जेमतेम २४ जिंकले होते. मधल्या काळात कुठलाही महागडा सुपरस्टार बाहेरून आणला नव्हता. जे घडलं ते जवळजवळ सगळं कागदावर आधी मांडता येण्यासारखं होतं, आणि म्हणूनच शिकण्यासारखं आहे.

ज्यांना सामने बघायला आवडतात पण ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) बातमी आली की ‘स्वॅप’, ‘प्रोटेक्टेड पिक’, ‘एप्रन’ हे शब्द डोक्यावरून जातात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. व्हिडिओ गेममध्ये जनरल मॅनेजर होऊन दोन-तीन सीझनमध्येच पगाराच्या मर्यादेत अडकलेल्यांनाही उपयोग होईल. चांगला खेळाडू कोण, हे तीसही संघांना कळतं. फरक पडतो तो कोणाचा करार कधी संपतो, कोण अजून स्वस्तात खेळतोय आणि कोणाला घसघशीत वाढ द्यायची वेळ जवळ आली आहे, हे जुळवून आणण्यात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

पायरी १: पगाराच्या रेषा समजून घ्या

आयपीएलच्या लिलावात पर्स ठरलेली असते. २०२५ च्या मेगा ऑक्शनला ती १२० कोटी रुपये होती आणि त्यावर एक रुपयाही खर्च करता येत नव्हता. एनबीएची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, तशी नाही. ती ओलांडता येते, फक्त ओलांडल्यावर हातपाय बांधले जातात, आणि जितकं पुढे जाल तितके जास्त.

२०२५-२६ चे आकडे घ्या. कॅप साधारण १५.४६ कोटी डॉलर. त्यावर लक्झरी टॅक्सची रेषा १८.७९ कोटींवर, पहिला एप्रन १९.५९ कोटींवर आणि दुसरा एप्रन २०.७८ कोटींवर. कॅपच्या खाली असलात तर मोकळी जागा वापरून बाहेरचा खेळाडू सरळ करारबद्ध करता येतो. वर गेलात की ठरावीक सवलतीच उरतात. टॅक्सची रेषा ओलांडली की मालकाच्या खिशातून दंड जातो, आणि जो संघ वर्षानुवर्षं वरच राहतो त्याला तो आणखी जास्त दराने भरावा लागतो. दुसऱ्या एप्रनची शिक्षा मात्र पैशांची नाही, ती खेळावरच येते: ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सोबत रोख रक्कम देता येत नाही, सात वर्षांनंतरचा फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत खेळाडू निवडायचा हक्क) गोठवला जातो.

कॅप ओलांडायची सगळ्यात मोठी वाट म्हणजे बर्ड हक्क. लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम सांगतो की तुमच्याकडे तीन सीझन खेळलेल्या स्वतःच्या खेळाडूला कॅपच्या वर जाऊनही पुन्हा करारबद्ध करता येतं. त्यामुळे जो खेळाडू आधीपासून ‘आपला’ आहे त्याची किंमत नुसत्या खेळापेक्षा जास्त असते. तो गेला तर त्याच पैशांत दुसरा आणता येईलच असं नाही.

कमाल पगारालाही मर्यादा आहे. सहा वर्षांपर्यंतचा अनुभव असेल तर कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० टक्के, दहा आणि त्यापुढे ३५ टक्के. काही मोठे पुरस्कार मिळवणाऱ्यांना वरचा टप्पा लवकर मिळतो. म्हणजे तीन कमाल पगाराचे खेळाडू घेतलेत की कॅप जवळपास संपली, आणि मैदानावर पाच जण लागतात.

पायरी २: आपण कुठे उभे आहोत हे खरं खरं सांगा

बहुतेक संघ इथेच फसतात असं माझं मत आहे. चाळीस सामने जिंकणारा संघ स्वतःला ‘एकच खेळाडू कमी’ समजतो आणि भविष्यातले पिक देऊन तिशी ओलांडलेला नामांकित खेळाडू आणतो. मग बेचाळीस जिंकतो.

वय आणि करार दोन्ही लिहून काढा. तुमचे सर्वोत्तम दोन खेळाडू २३ वर्षांचे असतील तर ३२ वर्षांच्या खेळाडूसाठी चार पिक देऊ नका, कारण दोघे बहरात येतील तेव्हा तिसरा उतरणीला लागलेला असेल. उलट तुमचा स्टार २९ चा असेल तर २०३१ चे पिक तिजोरीत ठेवून त्याची चांगली वर्षं फुकट घालवण्यातही शहाणपण नाही.

वर जायचं तर आधी तळाला जावंच लागतं, असंही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. याच दोन संघांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठा ट्रेड केला. किंग्जनी तरुण टायरिस हॅलिबर्टन देऊन तयार झालेला डोमँटस सबोनिस घेतला. किंग्जना २०२३ मध्ये, २००६ नंतर पहिल्यांदा, प्लेऑफ गाठता आलं, आणि हॅलिबर्टनचे पेसर्स २०२५ च्या फायनल्सच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचले. किंग्जना लगेच वर यायचं होतं, पेसर्सना पुढची सात-आठ वर्षं हवी होती. दोघांनीही आपापल्या घड्याळाप्रमाणे निर्णय घेतला. कोण जिंकलं यावर वाद घालता येईल, पण दोघांनाही आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक होतं.

पायरी ३: स्टार विकायचा तर समोरच्याला घाई असताना विका

इथे जरा थांबून एकच ट्रेड नीट उलगडून बघू, कारण पुढचं सगळं यातून निघालं.

जुलै २०१९. कवाय लेनर्ड फ्री एजंट होता, म्हणजे करार संपल्याने कुठेही जायला मोकळा. लॉस एंजेलिस क्लिपर्सना तो हवा होता, पण सोबत पॉल जॉर्ज मिळाला तरच तो यायला तयार होता. जॉर्ज थंडरकडे होता, त्याचा करार अजून बाकी होता, आणि त्यालाही जायचं होतं. थंडरचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांच्या दृष्टीने क्लिपर्स खरं तर दोन सुपरस्टार विकत घेत होते. जॉर्ज नाही मिळाला तर लेनर्डही नाही. मग भाव त्या हिशेबाने लागला.

थंडरला मिळालं ते असं: शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पाच फर्स्ट राउंड पिक आणि दोन स्वॅप. पाच पिकपैकी २०२२, २०२४ आणि २०२६ चे क्लिपर्सचे स्वतःचे, कुठल्याही अटीविना. उरलेले दोन, २०२१ आणि २०२३ चे, मायामीचे.

शे तेव्हा एकच वर्ष खेळला होता. त्याची सरासरी होती १०.८ गुण. २०२५ मध्ये तो लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, फायनल्सचाही. आणि तो २०२२ चा पिक? क्लिपर्स प्लेऑफला मुकले, पिक बारावा आला, थंडरने त्यावर सांता क्लारा विद्यापीठाचा जेलन विल्यम्स घेतला. त्याच विल्यम्सने २०२५ च्या फायनल्सच्या पाचव्या सामन्यात ४० गुण केले.

या ट्रेडमधून तीन शब्द शिकून घ्या.

अनप्रोटेक्टेड म्हणजे पिक कितव्या क्रमांकावर येईल याची अट नाही. समोरचा संघ कोसळला तर त्याचा पहिल्या क्रमांकाचा पिकही तुमचाच.

प्रोटेक्टेड म्हणजे अट आहे. थंडरलाच याचा फटका बसला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या अल हॉरफर्डचा जड करार अंगावर घेतला आणि बदल्यात २०२५ चा पिक मागून घेतला, पण पहिल्या सहात आला तर तो फिलाडेल्फियाकडेच राहील अशी अट होती. फिलाडेल्फियाचा २०२४-२५ चा सीझन कोलमडला, पिक तिसरा आला आणि तो त्यांच्याकडेच राहिला. त्यावर त्यांनी व्ही. जे. एजकम घेतला. ट्रेडच्या बातमीत ‘फर्स्ट राउंड पिक’ वाचलं की लगेच अट काय आहे ते शोधा. सगळी किंमत अटीत असते.

स्वॅप म्हणजे त्या वर्षी दोघांपैकी ज्याचा पिक वरचा, तो घ्यायचा हक्क. स्वॅप इतके चालतात यामागे एक नियमही आहे. लागोपाठच्या दोन भावी वर्षांत फर्स्ट राउंड पिकविना राहता येत नाही. क्लीव्हलंडचे जुने मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पिक असे उधळले की लीगला नियम करावा लागला, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एका वर्षाआड पिक दिले की मधल्या वर्षी देण्यासारखा उरतो तो स्वॅपच.

हॉरफर्डच्या व्यवहारातली दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तळाच्या संघाकडे कॅपची जागा रिकामी असते. दुसऱ्यांना नको असलेले करार त्या जागेत घ्या आणि त्याचं भाडं पिकमध्ये वसूल करा. नवख्यांना वाटतं जागा असली की खेळाडू आणावा. हरणाऱ्या संघाने मधल्या दर्जाच्या फ्री एजंटवर ती जागा घालवणं मला सगळ्यात वाईट खर्च वाटतो.

पायरी ४: ड्राफ्टवर भिस्त ठेवा, लॉटरीवर नको

२०१९ पासून सगळ्यात वाईट तिन्ही संघांना पहिल्या पिकची सारखीच, १४ टक्के, शक्यता मिळत आली आहे. चिठ्ठ्या काढून पहिले चार क्रमांक ठरतात, त्यामुळे सगळ्यात वाईट संघही पाचव्यापर्यंत घसरू शकतो. डेट्रॉइट पिस्टन्स २०२२-२३ मध्ये १७ सामने जिंकून तळाला राहिले आणि पाचवा पिक मिळाला. पुढच्या वर्षी १४ जिंकले, सलग २८ हरले, तरी पुन्हा पाचवाच. आणि २०२५ मध्ये डॅलसने १.८ टक्के शक्यतेवर पहिला पिक आणि कूपर फ्लॅग मिळवला.

डेट्रॉइटने मग जे केलं ते बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात नवा प्रशिक्षक आणला, टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनिअर यांच्यासारखे अनुभवी शूटर आणले, म्हणजे त्यांचा तरुण स्टार केड कनिंगहॅम याला मोकळी जागा मिळाली. एका वर्षात १४ चे ४४ विजय झाले. हरण्याची सवय लागलेल्या तरुण संघाला कधीतरी दोन-चार जाणती माणसं लागतातच.

ड्राफ्टची खरी किंमत करारात आहे. फर्स्ट राउंडच्या खेळाडूचा पगार चार वर्षांसाठी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे असतो. पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं ठेवायचं की नाही हे संघाच्या हातात. तो खेळाडू स्टार निघाला तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी तुम्हाला स्टार मिळतो आणि पगार मात्र बदली खेळाडूचा द्यावा लागतो. ही दोन वर्षं जिंकायची वर्षं.

वरच्याच पिकांकडे बघत राहू नका. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर गेला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद देऊन गेला. थंडरच्या विजेत्या संघातला ॲरन विगिन्स ५५ वा पिक होता. लू डॉर्टला तर २०१९ मध्ये कोणी निवडलंच नाही. तो टू-वे करारावर आला, म्हणजे मुख्य संघ आणि खालच्या दर्जाची ‘जी लीग’ नावाची स्पर्धा यांच्यात ये-जा करणारा खेळाडू. १५ मुख्य जागांखेरीज असे तीन करार देता येतात. ते वाया घालवू नका.

पायरी ५: दार उघडतं तेव्हा खर्च करा

थंडरचा २०२४-२५ चा तक्ता समोर ठेवा. कॅप होती १४.०६ कोटी डॉलर.

शे: सुमारे ३.५९ कोटी.
आयझाया हार्टनस्टाइन: ३ कोटी.
लू डॉर्ट: १.६५ कोटी.
चेट होल्मग्रेन: सुमारे १.०९ कोटी.
अलेक्स करुसो: सुमारे ९९ लाख.
जेलन विल्यम्स: सुमारे ४८ लाख.

विल्यम्स त्या वर्षी ऑल-स्टार होता. पगार कॅपच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. या सहा जणांचे मिळून होतात साधारण १०.८ कोटी. विल्यम्स आणि होल्मग्रेन दोघांना त्याच वर्षी बाजारभावाने पगार द्यावा लागला असता तर हार्टनस्टाइन आलाच नसता.

तो आला कसा हे बघा. २०२४ च्या प्लेऑफमध्ये थंडर दुसऱ्या फेरीत डॅलसकडून ४-२ असे हरले. दोन उणिवा उघड्या पडल्या. रिंगखाली रिबाउंड जात होते, आणि जॉश गिडीला बाहेरून शूटिंग जमत नसल्याने डॅलसवाले त्याला मोकळा सोडून बाकीच्यांवर गर्दी करत होते. उन्हाळ्यात गिडी शिकागोला गेला आणि सरळ एकास एक अदलाबदलीत करुसो आला. एवढे पिक जवळ असून एकही द्यावा लागला नाही. हार्टनस्टाइनला कॅपच्या मोकळ्या जागेत तीन वर्षांचे ८.७ कोटी दिले. ठरलेल्या उणिवेसाठी ठरलेला माणूस, तोही स्वस्त करारांची वर्षं चालू असतानाच.

आता मला सगळ्यात सुंदर वाटतो तो बारकावा. विल्यम्स आणि होल्मग्रेन यांचे मोठे करार २०२६-२७ ला सुरू होणारे, शेचा चार वर्षांचा २८.५ कोटींचा त्याच्या पुढच्या वर्षी. आणि हार्टनस्टाइन, डॉर्ट या दोघांच्याही करारातलं २०२६-२७ हे शेवटचं वर्ष संघाच्या मर्जीवर ठेवलेलं. पगाराचा डोंगर येणार त्याच वर्षी दोन मोठे आकडे उतरवायची सोय सही करतानाच करून ठेवली होती. प्रेस्टींना हा डोंगर नवा नाही. २०१२ मध्ये फायनल्स खेळून आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी जेम्स हार्डनला ह्यूस्टनला पाठवलं होतं, वादाचं मूळ होतं कराराची रक्कम.

पायरी ६: सगळं एकदम पणाला लावू नका

फेब्रुवारी २०२३ मध्ये फिनिक्सने केव्हिन ड्युरंटसाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, चार अनप्रोटेक्टेड पिक आणि एक स्वॅप दिला. मागोमाग ब्रॅडली बील आणला, ज्याच्या करारात त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही असं कलम होतं. तीन मोठे पगार, बाकी जागा किमान पगारावर भरलेल्या, पिक संपलेले, दुसरा एप्रन डोक्यावर. चूक झाली तरी दुरुस्त करायला हातात काही उरलं नव्हतं. २०२४-२५ ला ३६ विजय, प्लेऑफ नाही. त्या उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला गेला आणि बीलचा उरलेला करार पैसे देऊन सोडवावा लागला.

बॉस्टनचं उदाहरण वेगळं आहे आणि मला ते पटतं. २०१३ मध्ये त्यांनी वय झालेले केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स ब्रुकलिनला देऊन पिक घेतले. त्यातून २०१६ मध्ये जेलन ब्राउन आला. २०१७ ला स्वॅपमधून पहिला पिक मिळाला, तो फिलाडेल्फियाला देऊन ते तिसऱ्यावर उतरले आणि जेसन टेटम घेतला. २०२४ मध्ये विजेतेपद आलं. २०२५ च्या प्लेऑफमध्ये टेटमच्या टाचेमागची अकिलीस शीर तुटली, पुढचं वर्ष हातचं गेलं, तेव्हा त्यांनी ड्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना पाठवून पगार खाली आणला. दुसऱ्या एप्रनच्या वर राहायचं तर त्या वर्षी जिंकायची खरी शक्यता हवी.

पायरी ७: वही उघडा

एक संघ निवडा, शक्यतो आवडता नसलेला, म्हणजे जीव गुंतत नाही. पगारांचे तक्ते इंटरनेटवर मोफत मिळतात. डावीकडे खेळाडूंची नावं आणि वय, पुढे पाच वर्षांचे रकाने. ज्या वर्षी संघाला पर्याय आहे तिथे एक खूण, खेळाडूला पर्याय आहे तिथे दुसरी. रूकी करार, म्हणजे ड्राफ्टमधून आलेल्यांचे पहिले स्वस्त करार, वेगळ्या रंगात. खाली दिलेले आणि आलेले पिक, अटींसकट. मग प्रत्येक वर्षाची बेरीज करून कॅप आणि दोन्ही एप्रनशी ताडून बघा. जिथे रंगीत रकाने संपून आकडे फुगतात ते वर्ष गोल करा. त्या आधीची दोन वर्षं म्हणजे त्या संघाची संधी.

तारखाही लिहून ठेवा. ड्राफ्ट जूनच्या शेवटी, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास. फ्री एजन्सी ३० जूनला तिथल्या संध्याकाळी सहाला उघडते, म्हणजे आपल्याकडे १ जुलैचे पहाटेचे साडेतीन. उन्हाळ्यात करार केलेले बहुतेक खेळाडू १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाहीत, म्हणून त्यानंतर बातम्यांना जोर येतो. ट्रेडची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते, भारतीय वेळेप्रमाणे रात्री दीडला. शेवटच्या दोन तासांत सगळ्यात जास्त व्यवहार होतात. त्या रात्री आपला तक्ता शेजारी ठेवा आणि प्रत्येक बातमीला आधी कराराची वर्षं, मग पिकच्या अटी, आणि सगळ्यात शेवटी खेळाडूचं नाव बघा.